राजाचा हात कोण धरणार?

त्या रात्री मला कोकणातल्या एका मांडलिकाकडून दोन परगणे काढून घ्यायचे होते. त्याने गुन्हा काही केला नव्हता. तो फार मोठा झाला होता, एवढंच. कल्याणीच्या चालुक्यांच्या गादीवर माझा तिसरा राजा नुकताच बसला होता. वय एकोणीस, बाप लढाईत गेलेला, तिजोरी अर्धी रिकामी. कोकणचा हा माणूस माझ्या आजोबांच्या वेळचा. बंदरं त्याच्याकडे, पैसा त्याच्याकडे, आणि माझ्या धाकट्या भावाला त्याने आपली मुलगी दिलेली. पुढे काय होणार ते स्पष्ट दिसत होतं. मी त्याच्या चेहऱ्यावर क्लिक केलं, जप्तीचा पर्याय निवडला आणि प्रश्न मंत्रिमंडळापुढे गेला. दोघं माझ्या बाजूने, तिघं विरोधात. सेनापती विरोधात होता, कारण तो स्वतःही मोठा मांडलिक होता आणि आज शेजाऱ्याचं गेलं तर उद्या आपलं जाईल हे त्याला कळत होतं. हेरखातं माझ्या चुलत्याकडे. तोही विरोधात, कारण त्याला माझं काहीच चांगलं बघवत नव्हतं. तिसरा विरोध राजपुरोहिताचा. तो विकत घेता येण्यासारखा होता, पण त्याची किंमत जवळजवळ वर्षभराच्या महसुलाएवढी होती.

मी ती किंमत मोजली नाही. परगणे कोकणच्या माणसाकडेच राहिले आणि आठ वर्षांनी त्याने माझ्या भावाला गादीवर बसवण्यासाठी बंड केलं. त्या बंडात मी हरलो. तरीही तो डाव मला आजवरच्या सगळ्या डावांमध्ये सगळ्यात खरा वाटतो. तो खरा का वाटला याचा मी बराच विचार केला आहे, आणि त्यातून मध्ययुगीन राजकारणाच्या खेळांबद्दल माझं एक ठाम मत झालं आहे. ते इथे मांडतो.

खेळ होता क्रुसेडर किंग्ज २. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स स्टुडिओने तो फेब्रुवारी 2012 मध्ये बाजारात आणला. मूळ खेळ 1066 ला सुरू होतो आणि 1453 ला संपतो. यात तुम्ही देश चालवत नाही, घराणं चालवता. राजा मेला की तुम्ही त्याचा वारस होता, आणि वारस मठ्ठ, भित्रा किंवा रोगी असला तरी त्याच्याच अंगात शिरून पुढचं राज्य हाकायचं असतं. राज्य भावाभावांत वाटून देणारी वारसापद्धत सुरुवातीच्या अनेक राज्यांच्या गळ्यात बांधलेली असते, त्यामुळे तीस वर्षं खपून जोडलेला मुलूख एका मृत्यूनं तीन तुकड्यांत फुटतो. आपल्याकडे या प्रकाराला भाऊबंदकी हा नेमका शब्द आहे, आणि मराठी माणसाला हा खेळ शिकवायचा तर तो एक शब्द पुरतो. परक्या देशांशी होणारी युद्धं इथे सोपी असतात. रात्रभर जागं ठेवतात ती घरची माणसं.

या खेळावर 2012 ते 2018 या काळात पंधरा मोठी एक्स्पान्शन्स, म्हणजे मूळ खेळाला विकत घेऊन जोडायचे पुरवणी भाग, आली. काहींनी नकाशा वाढवला, काहींनी काळ मागे नेला, काहींनी नवे धर्म, नव्या राज्यपद्धती खेळायला दिल्या. प्रत्येक वेळी जाहिरात एकाच सुरात: आता हेही करता येईल, तेही करता येईल. खेळणारे आपण, विकत घेताना आपणही तेच मोजतो. किती नवे राजे, किती नवे प्रांत, किती नवी बटणं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. एक्स्पान्शनमुळे खेळ खरोखर बदलतो तो राजाच्या हातून काहीतरी काढून घेतलं जातं तेव्हा. राजाला काल एकट्याने करता येत होतं ते आज चारचौघांना विचारूनच करावं लागतं, त्या दिवशी खेळाची रीत बदलते. बाकीचं सगळं सामान आहे. चांगलं सामान असेल, सुंदर असेल, पण सामानच.

हे मला सगळ्यात जवळून समजलं ते दोन एक्स्पान्शन्स शेजारी ठेवून पाहिली तेव्हा. पहिलं ‘राजाज ऑफ इंडिया’, मार्च 2014 चं. दुसरं ‘कॉन्क्लेव्ह’, फेब्रुवारी 2016 चं.

‘राजाज ऑफ इंडिया’ आलं तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. तोवर नकाशाची पूर्व कड भारताच्या अलीकडेच संपत होती. आता तो थेट बंगालपर्यंत गेला. ज्या पडद्यावर मी कैक रात्री आयर्लंडची छोटी छोटी राज्यं एकत्र केली होती (नवशिके त्या बेटावरच खेळ शिकतात), त्याच पडद्यावर देवगिरी हे नाव दिसलं. सरंजामी उतरंडीतल्या पाटीवर ड्यूकच्या जागी राजा, किंगच्या जागी महाराजा, एम्पररच्या जागी सम्राट आला. सैन्यात हत्ती आले, वाघाची शिकार आली. हिंदू, बौद्ध आणि जैन असे तीन धर्म खेळता येऊ लागले, त्यांचे आपापले फायदे-तोटे आले. ज्या मुलखात आपण वाढलो, त्याचा बाराव्या शतकातला राजकारभार आपल्या हाती यावा, याचं सुख मी कमी लेखत नाही. युरोपात राहणाऱ्या एखाद्या मुलाला हे सुख फुकट मिळतं. आपल्याला त्यासाठी दोन वर्षं थांबावं लागलं.

पण दोन-तीन डाव खेळून झाल्यावर मनात काहीतरी खटकायला लागलं. मी महाराजा होतो, पण वागत होतो फ्रान्सच्या राजासारखाच. माझ्याकडे किल्ले, नगरं आणि देवळं होती, तेच तीन खाने जे युरोपात किल्ला, शहर आणि चर्च म्हणून होते. वर्णव्यवस्था आली होती, पण ती मांडलिकाच्या मर्जीच्या आकड्यात वजाबाकी म्हणून. वर्ण जुळला नाही की आकडा खाली, जुळला की ठीक. या खेळात प्रत्येक माणसाची तुमच्यावरची मर्जी उणे शंभर ते अधिक शंभर अशा आकड्यात मोजली जाते. हजार वर्षं माणसांचं जेवण, लग्न, पाणवठा ठरवणारी गोष्ट त्या आकड्यातल्या एका ओळीत मावली होती. हत्ती मात्र छान दिसत होते.

आणि समुद्र. या खेळात जहाजं सैन्य वाहून नेतात, पण लढत नाहीत. दोन शत्रूंची आरमारं एकाच पाण्यातून एकमेकांना ओलांडून निघून जातात. युरोपचं ठीक असेल, पण उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवट साधारण 1265 च्या सुमारास समुद्रावरच झाला. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांची ती लढाई. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ उभे आहेत. त्यांच्यावर वल्ह्यांची जहाजं ओळीने कोरलेली आहेत, वर योद्धे दाटलेले. त्या लढाईशी या वीरगळांचा संबंध जोडला जातो. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आहे. एकेका पट्टीत वल्ही तिरपी होत गेलेली दिसतात, जवळ गेलं की जहाजांची वर वळलेली टोकं कळतात. कोकण नकाशावर असलेल्या, पण हे दगड ज्याची आठवण सांगतात ते घडूच न शकणाऱ्या खेळात आपण आपलं कोकण खेळतो आहोत असं म्हणायचं कसं?

खेळ बनवणाऱ्यांवर हा आरोप नाही. एका एक्स्पान्शनमध्ये काय काय बसणार? प्रश्न वेगळा आहे. नकाशा वाढला, नावं आली, हत्ती आले, आणि तरीही राजा म्हणून माझे निर्णय तेच राहिले. सैन्य जमव, कमकुवत शेजारी शोध, कारण तयार कर, मुलूख घे, वाट. जागा बदलली, खेळ बदलला नाही.

खऱ्या दख्खनमध्ये 1066 ला, म्हणजे खेळ सुरू होतो त्याच वर्षी, काय चाललं होतं ते बघा. कल्याणीला पहिला सोमेश्वर राज्य करत होता. दोन वर्षांनी, 1068 मध्ये, बऱ्या न होणाऱ्या आजाराने त्रासून त्याने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. गादी थोरल्या मुलाला, दुसऱ्या सोमेश्वराला मिळाली. धाकटा विक्रमादित्य कर्तबगार होता, महत्त्वाकांक्षी होता. त्याने चालुक्यांच्या पिढीजात शत्रूची, वीरराजेंद्र चोळाची मुलगी केली. मग मांडलिक जोडत गेला. गोव्याचे कदंब आणि सेऊण देशाचे यादव त्याच्या बाजूला आले. 1076 मध्ये भावाला कैद करून तो गादीवर बसला, त्याने स्वतःच्या नावाचा शक सुरू केला आणि पुढे 1126 पर्यंत, पन्नास वर्षं राज्य केलं. कऱ्हाडच्या शिलाहारांची मुलगी त्याची राणी, आणि त्याची स्वतःची मुलगी गोव्याच्या कदंबांकडे दिलेली. काश्मीरहून आलेल्या बिल्हणाने त्याचं चरित्र संस्कृतात लिहिलं. अर्थातच दरबारी कवीने लिहावं तसं, धाकट्या भावाची बाजू लावून धरणारं.

ही गोष्ट वाचताना एक प्रश्न पडतो. हे राज्य नक्की कोणी दिलं आणि कोणी घेतलं? गोवा, कोल्हापूर, सेऊण देश इथले मांडलिक स्वतःला महामंडलेश्वर म्हणवत, ताम्रपटांवर आपल्या सार्वभौम राजाचं नाव मानाने घालत, आणि मग कुठल्या राजाचं नाव घालायचं ते स्वतः ठरवत. राजा होणं म्हणजे या मंडळींना आपल्या बाजूला ठेवणं. यातलं काहीही 2014 च्या एक्स्पान्शनमध्ये नव्हतं. माझे मांडलिक रुसले तर गट करत, गट मोठा झाला तर युद्ध होई. पण रोजच्या कारभारात त्यांना तोंड नव्हतं. कोणावर चालून जायचं, कोणाला तुरुंगात टाकायचं, कोणाचं वतन काढायचं, सगळं राजाच्या एका क्लिकवर. मंत्री होते, पण ते कौशल्याच्या आकड्यांवरून निवडायचे नोकर. कोणाला काढलं तर तो थोडा नाराज होई, एवढंच.

मग 2016 ला ‘कॉन्क्लेव्ह’ आलं. त्यात भारत नव्हता, नवा मुलूख नव्हता, नवा धर्म नव्हता. होतं ते मुख्यतः एवढंच, की मंत्रिमंडळाला मताचा अधिकार. युद्ध पुकारणं, वतन काढणं, वतन देणं, तुरुंग, देशनिकाला, देहदंड, यातलं काय काय मंत्र्यांच्या मतावर चालायचं ते राज्याच्या कायद्यांनी ठरणार. मत डावलून राजाने केलंच तर तो जुलमी ठरणार. मंत्र्यांचे स्वभावही आले. कोणी निष्ठावान, कोणी व्यवहारी, कोणी कीर्तीसाठी युद्ध मागणारा, कोणी धर्मवेडा, कोणी फक्त कुरकुरणारा. आणि यातली खरी गोम अशी, की बलाढ्य मांडलिकाला मंत्रिमंडळात जागा हवीच असते. दिली नाही तर तो पेटतो. दिली, आणि त्याला तिथे मान मिळाला, तर तो बंडखोरांच्या गटापासून लांब राहतो.

या एका नियमाने माझी पहिली सवय मोडली. पूर्वी मी सगळ्यात हुशार हेर हेरखात्यावर नेमत असे. आता हुशार, गरीब, भूमिहीन माणसाला नेमलं तर कोकणचा मांडलिक बाहेर राहतो आणि बंडाच्या गटात जातो. कोकणच्या मांडलिकाला नेमलं तर घरात येणारं विष कळत नाही. सक्षम कारभार की शांत राज्य, यातलं एकच मिळतं. मध्ययुगीन राजाला रोज सकाळी हाच प्रश्न पडत असणार, असं मला पहिल्यांदा वाटलं. आणि तो प्रश्न मला विचारला एका अशा एक्स्पान्शनने, ज्याला दख्खन ठाऊकही नव्हतं.

एक्स्पान्शनच्या मनात होतं ते युरोपच. इंग्लंडच्या सरदारांनी 1215 मध्ये जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा घेतला, त्यात राजा शब्द पाळतो की नाही हे बघायला पंचवीस सरदार नेमायची तरतूद होती. 1258 मध्ये ऑक्सफर्डला तिसऱ्या हेन्रीवर पंधरा जणांचं मंडळ बसवलं गेलं. हंगेरीत 1222 च्या फर्मानाने सरदारांना राजाला विरोध करायचा हक्क दिला. हे सगळे करार काही उदार मनातून आले नाहीत. राजाला पैसा हवा होता, सैन्य हवं होतं, आणि ते ज्यांच्याकडे होतं त्यांनी बदल्यात खुर्ची मागितली. ‘कॉन्क्लेव्ह’ने हा व्यवहार खेळात आणला, म्हणून तो कल्याणीलाही लागू पडला, कारण हा व्यवहार सगळीकडचा आहे. ‘राजाज ऑफ इंडिया’ने मला दख्खनची नावं दिली होती. दख्खनचं राजकारण मिळालं ते दोन वर्षांनी, परक्या नावाच्या एक्स्पान्शनमधून.

मंत्र्याचं मत विकत घेता येतं, तेही या खेळात फार चांगलं जमवलं आहे. पैसे देऊन किंवा इतर मार्गांनी एखाद्यावर उपकार करून ठेवायचा, आणि वेळ आली की तो वसूल करायचा. उपकार फेडायला तो माणूस मनाविरुद्ध मत देतो, किंवा नको असलेली सोयरीक मान्य करतो. आणि हे उलट्या दिशेनेही चालतं, राजा स्वतः कुणाच्या उपकाराखाली येऊ शकतो. उपकाराचं ओझं ही कल्पना आपल्याकडे इतकी ओळखीची आहे, की ती समजावून घ्यायला मला खेळातलं माहितीचं पान उघडावंच लागलं नाही. माझ्या त्या एकोणीस वर्षांच्या राजाने राजपुरोहिताला पैसे नाकारले तेव्हा तो पैसा वाचवत नव्हता. ज्याला आज विकत घेतलं तो उद्या पुन्हा विकायला उभा राहील, आणि गिऱ्हाईक कोकणचा माणूस असेल, हे त्याला कळलं होतं. निदान मी तेव्हा तसा हिशेब केला होता. चुकला तो.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. पहिला सरळ आहे, आणि ‘कॉन्क्लेव्ह’ आलं तेव्हा पुष्कळांनी रागाने तो घेतलाही. पैसे मोजून माणूस खेळात राजा होतो ते हुकूम चालवायला. त्याच्याकडून पुन्हा पैसे घ्यायचे आणि त्याचेच हात बांधायचे, हा कुठला न्याय? मला या रागामागची भावना कळते. दिवसभर कचेरीत दुसऱ्याच्या सह्यांसाठी थांबणाऱ्या माणसाने रात्रीही पाच जणांच्या मतांसाठी थांबायचं, हे जाचक वाटणारच. पण ज्या राजाला कोणीही नाही म्हणत नाही, त्याचा खेळ किती वेळ टिकतो ते आठवून बघा. पहिल्या शंभर वर्षांत राज्य उभं राहतं, दुसऱ्या शंभरात साम्राज्य होतं, आणि मग उरलेली दोनशे वर्षं नकाशाला रंग देण्याचं काम उरतं. बहुतेक जण डाव तिथेच सोडतात, मीही सोडत असे. हरायची भीती गेली की या खेळातलं माणूसपण जातं. हात बांधले जातात तेव्हा शेवटची दोनशे वर्षंही खेळण्यासारखी राहतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ‘द ओल्ड गॉड्स’ या 2013 च्या एक्स्पान्शनने खेळ बदलला नाही असं कोण म्हणेल? आणि त्याने तर दिलंच होतं. 867 हे नवं सुरुवातीचं वर्ष, व्हायकिंग, लुटालूट, नदीतून वर शिरणारी जहाजं. खरं आहे. पण व्हायकिंग राजा खेळून बघितला की दिसतं, की त्याच्याकडूनही काहीतरी घेतलेलं आहे. तो फार दिवस शांत बसला की त्याची प्रतिष्ठा झिजायला लागते. ख्रिस्ती राजा दहा वर्षं युद्ध न करता तिजोरी भरू शकतो, उत्तरेकडचा राजा तसं करू शकत नाही. त्याच्याकडून शांतता काढून घेतली आहे. म्हणून तो लुटायला बाहेर पडतो, आणि म्हणून लूट हे बटण राहत नाही, ती निकड होते. बटण दिलं असतं आणि निकड दिली नसती, तर चार दिवसांत कंटाळा आला असता.

तिसरी गोष्ट मात्र मला कबूल करावी लागते. प्रत्येक बंधन चांगलं नसतं. ‘कॉन्क्लेव्ह’बरोबर जे मोफत अपडेट आलं, त्यात एक दुसरंही बंधन होतं. तुम्ही भराभर मुलूख घेत गेलात की तुमच्या धोक्याचा आकडा वाढतो, आणि तो वाढला की आजूबाजूचे राजे तुमच्याविरुद्ध संरक्षणाची फळी बांधतात. कल्पना वाईट नाही. पण ही फळी आपापसातली वैरं, धर्म, अंतर विसरून उभी राहत असे. जे दोन राजे पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या मागे लागलेले आहेत, ते केवळ माझा आकडा वाढला म्हणून एका रांगेत. याविरुद्ध जी ओरड झाली ती रास्त होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळाला नियम बदलायची सोय आली आणि ही फळी हवी तर बंद करता येऊ लागली.

मंत्रिमंडळ आणि ही फळी, दोन्ही राजाचा हात धरतात. मग एक पटतं आणि दुसरं का पटत नाही? माझ्या मते, मंत्रिमंडळात नाही म्हणणाऱ्याला चेहरा आहे. त्याला बायको आहे, कर्ज आहे, हेवा आहे, तो का नाही म्हणतो ते मला कळतं, आणि त्याला वळवायचा रस्ता शोधता येतो. फळीत नाही म्हणतो तो आकडा. आकड्याशी मसलत होत नाही. सोळाव्या वर्षी गादीवर आलेल्या राजाला चुलता आडवा येतो तेव्हा गोष्ट घडते. आकडा आडवा येतो तेव्हा नुसता अडथळा होतो. एक्स्पान्शन बनवणाऱ्याचं कसब इथे दिसतं. काय काढून घ्यायचं ते ठरवायचं, आणि ते काढून घेणारा माणूस उभा करायचा.

‘द रीपर्स ड्यू’ हे ऑगस्ट 2016 चं एक्स्पान्शन या कसोटीवर मला अर्धं उतरलेलं वाटतं. साथीचे रोग आणि काळा मृत्यू खेळाच्या मध्यभागी आले. गढीचे दरवाजे बंद करून राजाने आत बसायचं की नाही, हा त्यातला उत्तम प्रसंग आहे. कोण आत, कोण बाहेर, हे ठरवावं लागतं, आणि कोंडून बसलेल्या दरबारात भूक आणि संशय दोन्ही वाढतात. तिथे रोगालाही चेहरा मिळतो. बाकी वेळी मात्र तो वरून येऊन वारस उचलून नेणारा फासा राहतो. 2017 च्या ‘जेड ड्रॅगन’चा मार्ग मला जास्त आवडला. चीन नकाशावर आणलाच नाही. दूरवर कुठेतरी एक सम्राट आहे, त्याची मर्जी आहे, ती मिळवायला नजराणे पाठवायचे, आणि ती गेली तर वादळ येणार. राजाच्या डोक्यावर नुसती एक सावली टाकली.

1 सप्टेंबर 2020 ला क्रुसेडर किंग्ज ३ आला आणि त्याचीही एक्स्पान्शन्स सुरू झाली. 2022 च्या ‘रॉयल कोर्ट’मध्ये त्रिमितीय दरबार मिळाला. सिंहासन, भिंतीवर टांगलेल्या तलवारी, फिर्याद घेऊन येणारी रयत. पहिल्यांदा पाहताना मी थांबून बघतच राहिलो. दोन पिढ्यांनी मात्र लक्षात आलं, की दरबारात काय घडेल ते मला आधीच कळायला लागलं आहे, आणि तिथे कोणी माझा हात धरत नाही. याउलट 2023 च्या ‘टूर्स अँड टूर्नामेंट्स’ने एक साधी गोष्ट केली. राजाला प्रवास करायला लावला. तोवर लग्न असो, मेजवानी असो, राजा कुठेही क्षणात हजर होत असे. आता त्याला वाटेने जावं लागतं, वाटेत नद्या, डोंगर, लुटारू, आजारपण. राजाला शरीर आहे आणि ते एका वेळी एकाच जागी असतं, एवढंच सांगितलं. त्यानंतर प्रत्येक आमंत्रण आलं की मी नकाशाकडे बघायला लागलो.

आणि मग सप्टेंबर 2024 मधलं ‘रोड्स टू पॉवर’. या मालिकेत एक नियम पहिल्यापासून होता. शेवटची जमीन गेली की खेळ संपला. तोच नियम त्यांनी उचलून बाजूला ठेवला. आता जमीन गेली तरी तुम्ही भटकत राहता, तळ ठोकता, मिळेल त्या राजाचं मिळेल ते काम करता, माणसं गोळा करता. त्याच एक्स्पान्शनमध्ये बायझंटाइन साम्राज्याची प्रशासकीय पद्धत आली, ज्यात प्रांत आपोआप मुलाकडे जात नाही. वजन वापरावं लागतं, दरबारात माणसं धरावी लागतात, नाहीतर आयुष्यभर सांभाळलेला प्रांत दुसऱ्याच घराण्याकडे जातो. भूमिहीन माणूस म्हणून मी जो डाव खेळलो, त्यात पंधरा वर्षं एकाच राजाच्या दारात कामं करून शेवटी एक लहानसा परगणा मिळवला. पूर्वी आयर्लंडमध्ये जो परगणा मी पहिल्या दहा मिनिटांत गिळत असे, तेवढाच. या वेळी त्याच्या पाटीवरचं नाव मी तीनदा वाचलं.

दख्खनसाठी असं काही झालं तर? मी कधी कधी कागदावर खुणा करत बसतो. हत्ती आणि वाघ पुरे झाले. मला हवा आहे एक दगड.

महाराष्ट्रात आणि गोव्यात ठिकठिकाणी गधेगाळ सापडतात. शिलाहार, यादव यांच्या काळातले. एक उभा दगड. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असेतो हे दान चालावं. मध्ये लेख: अमुक राजाने अमुक जमीन दिली. आणि खाली गाढव आणि स्त्री यांचं शिल्प. हे दान जो मोडेल त्याच्या आईला घातलेली ती शिवी आहे, अक्षर न वाचता येणाऱ्यालाही कळावी म्हणून कोरलेली. शिवी घातलेली आहे ती दूरच्या शत्रूलाच नव्हे. पुढच्या राजाला आणि त्याच्या अधिकाऱ्यालाही. दान देणारा राजा आपल्याच वारसाचा हात धरून ठेवत होता, कारण गादीवर बसलेल्या नव्या मुलाला तिजोरी भरायची घाई झाली की तो पहिल्यांदा कुठे हात घालेल हे त्याला ठाऊक होतं.

खेळात ‘वतन काढून घे’ हे बटण पहिल्या दिवसापासून आहे. ‘कॉन्क्लेव्ह’ने त्याच्यासमोर पाच माणसं उभी केली. मला त्याच्यासमोर आजोबा उभा करायचा आहे. एका पिढीने दान दिलं की त्या परगण्यात दगड रोवला जाईल. देणाऱ्याला पुण्य आणि कीर्ती तिथल्या तिथे मिळेल, आणि आनंदाने तो देत सुटेल, मी तर नक्कीच सुटेन. मग तो मरेल. मी त्याचा नातू होईन, वय एकोणीस, तिजोरी अर्धी रिकामी, कोकणात बंडाची कुजबुज. त्या परगण्यावर क्लिक करीन. मंत्रिमंडळाचे पाचही जण हो म्हणतील, कारण महसूल त्यांनाही हवा आहे. आणि पडद्यावर तो दगड येईल, वर चंद्रसूर्य, खाली ते शिल्प, आणि मध्ये माझ्याच आजोबाचं नाव, जे डावाच्या दोन रात्रींपूर्वी मी स्वतः निवडलं होतं.